आधी तारीख सांगा

गणपती झाले, पाऊस जरा हलका झाला की माझ्या डिचोलीच्या ऑफिसातला फोन सुरू होतो. ऑफिस म्हणजे काय, बाजाराच्या मागच्या गल्लीत एक गाळा, दोन टेबलं, ऐन वेळी कागद खाणारा एक प्रिंटर आणि भिंतीवर कालनिर्णय. तिकिटं, हॉटेलं, टॅक्सी आणि अधूनमधून परदेशातल्या टूर्स, असं सगळं मी करते. फोन करणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-सांगलीचे, हल्ली आमचे गोव्यातलेही. आणि प्रत्येकाला तेच हवं असतं. मॅडम, थोडी सफारी पाहिजे, थोडं कल्चर पाहिजे आणि शेवटी दोन-तीन दिवस बीचवर नुसतं पडायचंय, सांगा कुठे जाऊ?

मी विचारते, कधी निघणार? की पलीकडे एकदम शांतता. मग उत्तर येतं, ते काय हो, मुलांच्या सुट्टीत. म्हणजे दिवाळी, नाताळ नाहीतर मे. सगळ्या जगाने आपल्या शाळांच्या टाइमटेबलप्रमाणे तयार राहावं अशी आपली अपेक्षा. जागा कुठली यावर घरात आठवडा-आठवडा चर्चा चालते, रील बघून नवरा-बायकोत भांडणं होतात, पण महिना कुठला हे जणू आधीच ठरलेलं, त्यावर बोलायचंच नाही. इतकी वर्षं हे काम करून माझं मत मात्र उलटं झालंय, महिना आधी ठरवा, जागा आपोआप ठरते.

आता सफारी, संस्कृती आणि समुद्र हे तिन्ही एकाच ट्रिपमध्ये म्हटलं की सगळ्यात आधी डोळ्यासमोर येतं टांझानिया. आधी सेरेंगेटी आणि न्गोरोन्गोरो, मग छोट्या विमानाने झांझिबार, स्टोन टाउन आणि पांढरी वाळू. फोटोत बघाल तर बाराही महिने सारखंच दिसतं. पण तसं नसतं ना. सेरेंगेटीतले तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट वर्षभर पावसामागे गोल फिरत असतात, ते एका जागी थांबून आपली वाट बघत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत ते दक्षिणेला न्डुटूच्या मैदानांवर असतात, तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, गवत आखूड पण कसदार, म्हणून माद्या तिथेच वितात. जुलै ते ऑक्टोबर ते पार उत्तरेला, मारा नदी ओलांडून केनियात आणि परत. ते मगरींचे आणि नदीत उड्या मारणाऱ्या कळपांचे व्हिडिओ जे सगळे बघून येतात ना, ते या दिवसांतले. आणि मार्च ते मे तिथे मोठा पाऊस, स्वाहिलीत मासिका म्हणतात. रस्ते चिखलाचे, बरेच कॅम्प बंद. म्हणजे आपली जी हक्काची मे महिन्याची सुट्टी, तीच नेमकी तिथे सगळ्यात वाईट. हे सांगितलं की लोक गप्प होतात आणि मग हळूच विचारतात, पण मग मे मध्ये स्वस्त मिळेल ना? मिळेल हो. का मिळेल ते पण विचारा.

मी स्वतः गेले ती फेब्रुवारीत, एका ग्रुपबरोबर. न्डुटूला सकाळी जीपचं छप्पर वर उचलून उभे होतो, समोर जिथवर नजर जाईल तिथवर काळे ठिपके, आणि आवाज एकच, हूं हूं असा, बेडकांचा असतो तसा पण जाड. जीपपासून अगदी जवळ एक मादी वीत होती. पिल्लू पडलं, ओलं, पाय सगळे चुकीच्या दिशेला. उठलं, तोंडावर पडलं, परत उठलं, परत पडलं. आमच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं आणि तो पिल्लाकडे बघतच नव्हता, तो लांब एका तरसाकडे बघत होता. पाचेक मिनिटांत ते पिल्लू आईच्या पोटाखालून धावायला लागलं, खरंच धावायला, आणि तरस जांभई देऊन बसलं. ग्रुपमधल्या एक आजी, ज्यांनी आदल्या रात्रीपर्यंत चहा बरोबर नाही म्हणून माझं डोकं खाल्लं होतं, त्या टाळ्या वाजवायला लागल्या आणि ड्रायव्हरने त्यांना गप्प केलं.

झांझिबारला गेल्यावर मात्र मला पहिल्या दिवशी परदेशात आल्यासारखंच वाटेना. फणस, नारळ, लवंगा-दालचिनीच्या बागा, दमट हवा, गल्ल्यांतून पितळी खिळ्यांचे जाड लाकडी दरवाजे, आणि मध्येच सेंट जोसेफचं चर्च. गोंयकारांचा आणि या किनाऱ्याचा संबंध जुना. पोर्तुगीजांच्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा कारभार गोव्यातून चालायचा. मोंबासाचा फोर्ट जीझस त्यांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला आणि १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी तो जिंकला, तेव्हा गोव्याहून निघालेली कुमक पोचेपर्यंत सगळं आटपलेलं होतं. नंतर इंग्रजांच्या राज्यात गोव्याचे कारकून, शिंपी, आचारी, बॅंडवाले, डॉक्टर असे कितीतरी तिथे गेले. नैरोबीत डॉक्टर रिबेरो म्हणून एक गोंयकार होते, ते झेब्र्यावर बसून पेशंट बघायला जायचे, थट्टा नाही, खरी गोष्ट आहे. १९०२ साली तिथे प्लेगची साथ आली ती त्यांनीच ओळखली. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले पियो गामा पिंतो मूळचे गोव्याचेच, १९६५ मध्ये त्यांचा खून झाला. आणि केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोव्याचे, आई मसाई. मसाई मारात कोणी मसाई माणसाबरोबर सेल्फी काढला की मला हे आठवतं, पण जीपमध्ये सांगायला गेलं तर कोण ऐकतंय, सगळ्यांना सिंह हवा असतो.

तिथे एक गोष्ट मला फार जवळची वाटली ती म्हणजे वारा. झांझिबारचे लोक वर्ष दोन वाऱ्यांत मोजतात. डिसेंबर ते मार्च उत्तरेकडून येणारा कास्काझी आणि एप्रिलपासून दक्षिणेकडून येणारा कुसी. शिडाची गलबतं कास्काझीवर अरबस्तानातून, आपल्याकडून तिथे जायची आणि कुसीवर परत यायची. मधल्या काळात थांबायचं. घाई करून काही उपयोगच नाही, वारा फिरला नाही तर तुम्ही तिथेच. आणि हाच कुसी विषुववृत्त ओलांडतो, वळतो, आणि जूनमध्ये आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही त्याला मान्सून म्हणतो. म्हणजे झांझिबारच्या पाजे किनाऱ्यावर ज्या वाऱ्याने काइट सर्फिंगवाले खूश असतात, तोच पुढे येऊन आमच्या कळंगुटचे शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्या, उतरवायला लावतो.

आणि शॅक उतरतातच. मे संपता संपता बांबू, झावळ्या, टेबलं, सगळं ट्रकात भरून जातं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, मासेमारीला बंदी, किनाऱ्यावर लाल बावटे. लोक तरी येतात, स्वस्त रूम मिळते म्हणून, आणि पाण्यात उतरतात, आणि जीवरक्षक शिट्ट्या मारून थकतात. दर पावसाळ्यात पेपरात तीच बातमी. जूनमध्ये बीच हवा असेल तर मी सरळ नाही म्हणते. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पण जून-जुलैत गोव्यात काही नसतं असं थोडंच आहे. २४ जूनला सांजांव, जावई आणि पोरं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. आणि आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे द्वादशीला, माशेलला चिखलकाला. देवकीकृष्णाचं देऊळ, जिथे देवकीच्या कडेवर बाळकृष्ण आहे, असं देऊळ सहसा कुठे सापडायचं नाही. हा देव मूळचा चोडणचा, पोर्तुगीजांच्या बाटवाबाटवीत तिथून हलवला तो शेवटी माशेलला आला. आमच्याकडे बहुतेक देवांची गोष्ट अशीच, मंगेश कुठ्ठाळीहून निघाला, शांतादुर्गा केळशीहून, नद्या ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्यात, येऊन बसले. तर एकादशीला अखंड भजन, दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात पाऊस पडून झालेला लालभडक चिखल, आणि त्यात लहान पोरांपासून साठीच्या बापयांपर्यंत सगळे तेल लावून उतरतात. खो-खो, आंधळी कोशिंबीर, चक्र करून एकमेकांना फरफटवणं. एकेक माणूस ओळखू येत नाही, नंतर घरी गेल्यावर बायकोच सांगते हा आपला की शेजारचा. अलीकडे सरकारने त्याला पर्यटनाचा महोत्सव केलाय, मंडप, स्टेज, लाऊडस्पीकर, मान्यवरांची भाषणं. गर्दी वाढली. माझा धंदा बघता मी खूश व्हायला हवं. पण भाषण चालू असताना चिखलात उभी राहून थंडीने कुडकुडणारी पोरं बघितली की वाटतं, जरा आवरा.

सफारीचं म्हणाल तर गोव्यात आणि सफारी असं म्हटलं की लोक हसतात. ३७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, त्यात मोलेचं राष्ट्रीय उद्यान, भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य. चोडणचं तर जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, रायबंदरहून फेरीबोट पकडायची आणि खारफुटीत शिरायचं. वाघ? आहेत की. म्हादईत २०२० च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विष घातलेलं. जिवंत असताना फारसे कुणाला दिसले नव्हते ते मेल्यावर सगळ्या गोव्याला दिसले. २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असं सरकारला सांगितलं, त्यावर पुढे सुप्रीम कोर्टात गेलेलं प्रकरण आमच्याकडे चहाच्या टपरीवरही निघतं आणि सत्तरीतल्या लोकांचं म्हणणं वेगळं, पणजीतल्या लोकांचं वेगळं. मी सत्तरीच्या जवळची, मला दोन्ही बाजूंचे लोक दुकानात भेटतात, मी ऐकून घेते.

तेव्हा वाघ दाखवते असं मी कुणाला सांगत नाही. गवा दाखवू शकते, तो आमचा राज्यप्राणी. मोलेहून तांबडी सुर्लाला जाताना संध्याकाळी रस्त्याच्या कडेला गवा उभा असतो, पायांत पांढरे मोजे, आणि आपल्याकडे असा बघतो की आपणच गाडी मागे घेतो. धनेश दिसतो, शेकरू दिसतं. आणि त्याच रस्त्याच्या टोकाला तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ, कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, मागे घाटाचा डोंगर, बाजूला ओढा. सकाळी लवकर जा, बसेस यायच्या आधी. दूधसागर बघायचा तर कुळ्याहून जीपने, आणि जीप सुरू होतात पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरात. ३१० मीटरचा धबधबा, भर पावसात तो सगळ्यात मोठा असतो आणि तेव्हाच तिथे जायला मिळत नाही, ट्रेनच्या खिडकीतून दिसला तर दिसला. रुळावरून चालत जायला बंदी आहे तरी दर जुलैत पोरं जातात आणि पोलीस त्यांना परत पाठवतात. एप्रिलमध्ये गेलात तर डोंगरावर एक पांढरी रेघ बघून परत याल. आणि मग मलाच फोन करून म्हणाल, मॅडम, फोटोत तर वेगळं होतं.

पण मला विचाराल तर गोव्यातली खरी सफारी कुंभारजुव्याच्या कालव्यात. मांडवी आणि झुआरीला जोडणारा हा कालवा, दोन्ही काठांना खारफुटी आणि पलीकडे खाजन शेती. त्या चिखलावर मगरी पडलेल्या असतात, गोड्या पाण्यातली ती मगर, पण इथे मचूळ पाण्यात राहते. होडीवाला इंजिन बंद करतो, सगळे चिखलाकडे डोळे लावून बसतात, आणि दिसत काहीच नाही, मग जे लाकूड म्हणून सोडून दिलेलं असतं ते पाण्यात सरकतं. होडीत एकच किंकाळी. ही बोट तुम्हाला सिझनभर मिळेल.

पौषातल्या अमावास्येला, म्हणजे साधारण जानेवारीत, फोंडा तालुक्यात दुर्भाट आणि आसपासच्या गावांत जे असतं ते मात्र बोटवाले दाखवत नाहीत. मानगे थापणी. मानगे म्हणजे मगर. खाजनाच्या बांधाजवळ शेतकरी चिखलाची मगर थापतात, चांगली हातभर-दोन हात लांब. पाठीवर खवले म्हणून शिंपल्या रोवतात, एकेक ओळीत, दातांना काड्या. एक म्हातारा माणूस वाकून शेपटीच्या शिंपल्या लावत होता, त्याच्याबरोबर त्याचा नातू, आणि नातवाने एक शिंपली उलटी लावली तर त्याने न बोलता ती काढून सुलटी लावली. मग फुलं, हळद-कुंकू, आणि मगरीची पूजा. खाजन म्हणजे समुद्राकडून हिसकावून घेतलेली जमीन, बांध घालून आणि मानशीची दारं उघड-बंद करून भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात काढायचं. बांध फुटला की शेत गेलं. दिवसरात्र त्या पाण्यात वावरायचं तर तिथे आधीपासून राहणाऱ्याशी जुळवून घ्यायला हवं, त्याला देव म्हणायला हवं. सेरेंगेटीत मी जीपच्या छपरातून सिंह बघितला, पोटभर बघितला, पण तिथे प्राणी एकीकडे आणि माणूस गाडीत. इथे गुडघाभर चिखलात उभी असलेली माणसं त्याच पाण्यातल्या जनावराला नमस्कार करत होती, आणि कॅमेरा एकाच्याच हातात, तो पण गावातल्याच पोराचा. सफारी म्हणा, कल्चर म्हणा, दोन्ही एका जागी, आणि बीच म्हणाल तर पाणी आहेच की.

हे मी सगळ्यांना सांगत नाही. खरं सांगते. काही गिऱ्हाइकांचा आवाज ऐकूनच कळतं की हे ड्रोन घेऊन येणार.

बीच म्हटलं की माझ्या मनात गालजीबाग येतं, काणकोणात, सुरूच्या झाडांमागे. आगोंद, मोरजी, मांद्रे आणि हे, इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. नोव्हेंबर ते मार्च. एकेका घरट्यात शंभरेक अंडी, दीडेक महिन्यापासून दोन महिन्यांत पिल्लं बाहेर. जाळीचं कुंपण, त्यावर तारीख लिहिलेली पाटी, वनखात्याचा माणूस खुर्ची टाकून बसलेला. मोरजीला टेमवाड्याच्या किनाऱ्यावर एकीकडे ही पाटी आणि थोड्याच अंतरावर रात्री दिवे आणि म्युझिक, आणि पिल्लं उजेडाकडे जातात, त्यांना समुद्रावरची चमक आणि बारचा बल्ब यातला फरक कळत नाही. ३१ डिसेंबरचं बुकिंग मागणाऱ्यांना मी आधी विचारते, पार्टी पाहिजे की समुद्र? दोन्ही पाहिजे म्हणतात. मग बागा-कळंगुट, आणि मोरजी सोडा हो त्या कासवांना.

मे महिन्यात गोव्याला येऊ नका असं मी म्हणायचे, घामाने जीव जातो, आंबे-फणस सोडले तर काय आहे. पण मे मध्येच कुर्डी वर येतं. सांगे तालुक्यात साळावली धरण झालं आणि कुर्डी गाव पाण्याखाली गेलं, १९८० च्या दशकात लोकांना वाडे-वालकिणीला हलवलं. दक्षिण गोव्याच्या नळाला येणारं पाणी बहुतेक तिथलंच. वर्षातले दहा-अकरा महिने तिथे नुसतं तळं. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि गाव दिसायला लागतं. जांभ्या दगडाच्या भिंतींचे पाये, विहिरीचा कठडा, वाळलेल्या झाडांची खोडं, भेगा पडलेला गाळ. आणि एका रविवारी सगळं गाव परत येतं. टेम्पो, बाइक, डोक्यावर पंचे, हातात ताटं. सोमेश्वराच्या देवळाशी उत्सव, आणि ख्रिस्ती कुटुंबांचं चॅपेलचं फेस्तही. म्हातारी माणसं चालता चालता थांबतात आणि नातवंडांना सांगतात, हे आमचं अंगण, हा पायरीचा दगड, इथे तुळस. एक बाई आपल्या घराच्या जागी चटई अंथरून जेवायला बसली होती, अगदी तिच्या स्वयंपाकघराच्या चौकटीत, बाहेर सगळं मोकळं रान असताना. डब्यात चण्याचा रोस आणि पोळ्या. मला पण बस म्हणाली. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही, घरात आलेल्याला विचारतात तेवढंच विचारलं, जेवलीस?

मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, १९०४ साली जन्मलेल्या, किशोरी आमोणकरांच्या आई. त्यांच्या घराचे अवशेष पाणी उतरल्यावर लोक दाखवतात. गावातलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ मात्र पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभं केलं, ते बाराही महिने बघता येतं. संगीताचं कुणाला वेड असेल तर मी त्यांना आणखी फोंड्याकडे पाठवते, केरीला, केसरबाई केरकरांचं गाव. त्यांचं भैरवीतलं जात कहाँ हो १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर गेलं, आता सगळ्या ग्रहांच्याही पलीकडे आहे. आणि मंगेशी तर मंगेशकरांचं गाव, ते सगळ्यांना माहितीये, तिथे गाइडची गरज नाही. बघा एवढ्याशा तुकड्यात.

मे मध्ये कुर्डी, हे सांगितल्यावर एक पुण्याचा गिऱ्हाईक म्हणाला, पण तिथे बघायला काय आहे, पडक्या भिंती? मी म्हटलं हो. तो म्हणाला, मग दुसरं काहीतरी सांगा. बरोबर आहे, सगळ्यांसाठी नाहीच ते. आणि तिथे रिसॉर्ट नाही, सावली नाही, मोबाइलची रेंज येते-जाते.

काही जागा मी स्वतःहून सांगायच्या बंद केल्या. आमच्या शिरगावची लईराईची जत्रा, वैशाख शुद्ध पंचमीची. लहानपणापासून बघतेय, व्रत धरलेले धोंड, हातात वेताच्या काठ्या, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा, तळीवर आंघोळ, आणि पहाटे होमखण, निखाऱ्यांतून चालणं. लईराईची बहीण मिराबाई ख्रिस्ती होऊन म्हापशाची मिलाग्रीस सायबीण झाली असं सगळे मानतात, हिंदू लोक तिच्या फेस्ताला तेल घेऊन जातात. असं दुसरीकडे कुठे बघायला मिळणार. पण २०२५ च्या जत्रेत उतारावर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. माझ्या ओळखीचे लोक त्या गर्दीत होते. आता कुणी विचारलं तर मी म्हणते देवळात जा, कुठल्याही दुसऱ्या दिवशी जा, रात्री गर्दीत आणखी एक पाहुणा कशाला.

सेंट झेवियरचं शवप्रदर्शन दर दहा वर्षांनी. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ झालं. त्यानंतर फेब्रुवारीत एकाचा फोन, मॅडम ते बघायचं राहिलं, परत कधी आहे? मी सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी रागावलेय.

हे सगळं बोलायला सोपं हेही मला कळतं. पौष अमावास्या मधल्या वारी आली तर रजा कोण देणार. मुलांची बोर्डाची परीक्षा आणि फाल्गुनातला शिगमो हमखास एकत्र येतात, साखळी-सत्तरीकडची घोडेमोडणी, म्हणजे घोड्याचं सोंग घेऊन केलेला नाच, बघायची म्हणजे दहावीचा पेपर बुडवायचा का? विमानाची तिकिटं, पगार, सासऱ्यांचं ऑपरेशन, सगळं बघून माणूस दिवाळीवर येतो, त्याचा काय दोष. दिवाळीत पण आमच्याकडे काही कमी नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लीगल्लीत नरकासुर, पोरं महिनाभर कागद चिकटवून दोन मजली राक्षस करतात आणि पहाटे जाळून टाकतात. कुळ्याच्या जीप सुरू झालेल्या असतात, दूधसागरला पाणी असतं, शॅक अर्धे लागलेले असतात. पाच प्रकारचे पोहे मिळतात. अशा लोकांना मी कधीच नाही म्हणत नाही, फक्त समुद्र थोडा गढूळ असेल हे आधी सांगून ठेवते.

सांगलीकडचं एक निवृत्त जोडपं मात्र मागच्या हिवाळ्यात ऑफिसात आलं आणि काका म्हणाले, वर्ष मोकळं आहे, तुम्ही महिने सांगा. मला उभं राहावंसं वाटलं. भिंतीवरचा कालनिर्णय काढून टेबलावर पसरला. पौष अमावास्या त्यांनी तेव्हाच धरली, दुर्भाटला जाऊन आले, काकूंनी तिथल्या बायकांकडून कोरगुट तांदळाची पेज कशी करायची ते विचारून घेतलं. आता त्यांचं पुढचं ठरतंय. काकांना फेब्रुवारीत न्डुटूला जायचंय, वासरं बघायला, मग झांझिबारचा किनारा, तेव्हा तिकडे कास्काझी असतो, समुद्र शांत. काकूंचं म्हणणं शिगमो चुकेल. फोनवर दोघं एकाच वेळी बोलतात. मी म्हटलं काकू, होळी मार्चात आहे, तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटी परत आलात की सरळ साखळीला या. फक्त केनियातून जायचं असेल तर यलो फिव्हरची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती आत्ताच घेऊन टाका, आयुष्यभर चालते. काका म्हणाले, म्हणजे परत जायला पण चालेल? जुलैत ती नदी ओलांडतात ना?

काकू मागून ओरडल्या, जुलैत चिखलकाला आहे.